मेव्हणा तार देतो

माझ्या दाजींचा मला मनापासून राग यायचा. आता हे लिहायला हरकत नाही. आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ते तेव्हाही ठाऊक होतं, आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, ते अजूनही कळलेलं नाही. रागाच्या भरातही मला त्यांना अरे-तुरे करता येत नाही, ही आमच्याकडची सवय. घरचा जावई म्हटला की त्याला आधी पाट, आधी ताट, आधी टॉवेल-टोपी. तो बोलला की मान हलवायची आणि तो चुकला तरी मान हलवायची. मी वर्षानुवर्षं मान हलवली.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं मोटार भरायचं दुकान होतं. एका बाजूला टायरवाला आणि दुसऱ्या बाजूला चहाची टपरी, मध्ये मी. विहिरीवरच्या मोटारी जळायच्या आणि माझ्याकडे यायच्या. लाईट यायची ती अर्ध्या जोराची, मोटार नुसती गुरगुरायची आणि आतली तार भाजून काळी पडायची. ती जुनी तार ओढून काढायची, तितकेच वेढे मोजून नवी भरायची, वरून वार्निश पाजायचं, वाळवायचं. काम रोज तेच. पण वेढा एक चुकला तरी मोटार दुसऱ्या दिवशी परत दारात, आणि मोटारवाला चिडलेला. वेढ्यांमध्ये उन्नीस-बीस चालत नाही, हे मी त्या धंद्यात शिकलो आणि पुढे माणसांनाही तीच पट्टी लावत गेलो. त्यामुळे माझं फारसं कुणाशी जमलं नाही.

काम शिकलो जालन्याला, एका उस्तादांकडे. ते कामाला बसवायच्या आधी डोळे मिटायला लावत. मग तळहातावर तारेचे तुकडे ठेवत आणि विचारत, तांबं कुठलं, अ‍ॅल्युमिनियम कुठलं, जाड किती. वरून दोन्ही तारांना एकच तांबूस लेप, डोळ्यांना फरक कळतच नाही. हाताला कळतो. तांबं जड आणि वाकवलं की वाकलेलं राहतं, अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि पोकळ लागतं. ज्याला हे सांगता आलं नाही त्याला उस्ताद झाडू देत, तार देत नसत. मला पहिल्याच आठवड्यात तार मिळाली. त्या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे, आणि पुढचं सगळं समजायला ती लक्षात ठेवावी लागेल.

दाजी टेंभुर्णीचे. मिलिटरीत ड्रायव्हर होते, पेन्शन घेऊन गावी आले ते पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला. बरोबर एक ट्रंक, एक ट्रान्झिस्टर आणि आपण सोडून बाकी सगळे लोक गबाळे आहेत असा चेहरा. उभं राहायला सांगितलं तरी हुकूम दिल्यासारखं सांगत. आक्काला सकाळचा चहा घड्याळ लावून मागत. मी तिच्याकडे गेलो की ती स्वयंपाकघरातून डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगायची.

तर हे दाजी एका दुपारी बसने माझ्या दुकानात आले. खिशातून कागदाची घडी काढली आणि काउंटरवर उलगडली. आत एक गळ होता, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. त्याच्यावर तपकिरी काहीतरी गुंडाळलेलं, मागे तीन-चार केसांची शेपटी, पुढे खांद्याला एक फुगवटा.

"असं बनवून देशील का? बिलकुल असंच पायजे," दाजी म्हणाले.

मी तो गळ पकडीत धरून उजेडात फिरवला. आणि खोटं कशाला सांगू, मला दाजींचाही विसर पडला. त्यात दोरा नव्हताच. पिसाचे तंतू बांधले होते ते सगळे तारेने. पंख्याच्या कॉइलमध्ये असते तसली केसासारखी तांब्याची तार, शेपटीपासून खांद्यापर्यंत शिस्तीत गेलेली, फुगवटासुद्धा वेढ्यावर वेढे देऊन केलेला. जगाच्या पाठीवर कुणीतरी माशांसाठी वाइंडिंग करतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भानगड अशी होती. दाजी ज्यांची गाडी चालवायचे ते साहेब रिटायर होऊन हिमाचलात, कुल्लूच्या पुढे एका नदीकाठी राहत होते. त्या नदीत ट्राउट नावाचा मासा. बर्फाच्या पाण्यात राहणारा, अंगावर ठिपके असणारा, आणि फार हुशार. तो पीठ-गांडुळाला सहसा फसत नाही असं दाजी सांगत. साहेब त्याला खोट्या माशीने पकडायचे. त्यातही ही जी होती ती खरं तर माशी नव्हेच. माशीला पंख फुटायच्या आधी ती पाण्याच्या तळाशी दगडांना चिकटून किडा म्हणून राहते, तो किडा. ट्राउट पोट भरतो तो मुख्यतः या किड्यांवर, तळाला. त्यामुळे हा खोटा किडा तळापर्यंत बुडला पाहिजे, आणि म्हणून त्याच्या पोटात तांबं. साहेब त्याला निंफ म्हणायचे, दाजी नुसतं माशी म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. साहेबांचे हात आता थरथरायला लागले होते, बाहेरून येणारा माल मिळेनासा झाला होता, आणि दाजींनी पत्रातून छातीठोक कळवलं होतं की मी गावी बसून बांधून पाठवतो. शब्द त्यांनी दिला आणि काम माझ्या गळ्यात आलं.

पहिल्या पंधरा-वीस माश्या मी फेकून दिल्या. तार जमत होती, पीस जमत नव्हतं. कोंबडीचं पीस मऊ पडायचं, कबुतराचं तुटायचं. नमुन्यात कुठल्याशा पहाडी पाखराचं विटकरी शेपूट होतं, ते आमच्याकडे कुठून येणार? त्याच्या तोडीचं पीस मला सापडलं टेंभुर्णीलाच. आक्काच्या शेतात लिंबाच्या झाडाखाली मोर बसत. मोराचं पीस म्हटलं की सगळे डोळ्याचं पीस उचलतात. मी पंखातलं उचललं, साधं, विटकरी, ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते. त्याचे तंतू तारेबरोबर पिळले आणि गुंडाळले तर नमुन्याशेजारी ठेवून मलाच ओळखू येईना. वर मोटारीचं वार्निश सुईच्या टोकाने, एकच ठिपका. मग प्रत्येक माशी पाण्याने भरलेल्या स्टीलच्या ग्लासात सोडायची. सरळ बुडाली तर डबीत, रेंगाळली तर कचऱ्यात. ग्लासाची ही परीक्षा मीच काढली होती. कुणी शिकवली नव्हती.

दाजींनी माशी बघितली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, ठीक आहे. त्यांचं ठीक आहे म्हणजे मिलिटरीचं ठीक आहे, त्याच्यापुढे दाद मिळत नाही.

पण मला राहवेना. पाण्यात ती चालते कशी ते बघायचं होतं. साहेबांनी दाजींना एक जुनी छडी आणि गरगर फिरणारी चाकी दिली होती. ती घेऊन आम्ही कालव्यावर गेलो. पैठणचा डावा कालवा आमच्या बाजूने जातो. पाळी सुटली, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की गेटच्या खाली पाणी चांगलं उसळतं. तिथे एक भोई जाळं टाकत बसला होता. आमच्या छडीकडे बघून त्याने विचारलं की ही काय विजेची तार टाकायची काठी आहे का. दाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मात्र त्याचं म्हणणं पटलं.

दाजी शिकवायला लागले. वरच्या अंगाला फेक, खाली येऊ दे, ओढू नकोस, दोरी बघ. मासा खेचत नाही, तो फक्त किडा तोंडात घेतो आणि थुंकतो. दोरी चालता चालता क्षणभर थबकली की झटका मार. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं आणि हाताला काही येत नव्हतं. तासभर त्यांनी पाणी झोडपलं. दोन माश्या मागच्या बाभळीत अडकवल्या आणि त्याचं खापर वाऱ्यावर फोडलं. मग छडी माझ्या हातात दिली. माझी तिसरी का चौथी फेक असेल. दोरी येत होती, येत होती आणि अशी किंचित अडली, भरताना तार खाचेच्या कडेला अडते ना, तेवढीच. मी मनगट उचललं. वीतभर चंदेरी मासा होता, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात माझी तार चमकत होती.

"तुमचं पाणी बराबर न्हाई. इथं मेलेलं ध्यान बी गळाला लागंल," दाजी म्हणाले.

मासा मी सोडून दिला. दाजींना मात्र त्या दिवसापासून माझ्यासमोर छडी धरताना मी पाहिलं नाही. नंतर मी एकटाच जायचो, आठ-पंधरा दिवसांनी, सकाळी दुकान उघडायच्या आधी. कालव्यातले दगड उलटे करून खरे किडे बघायचो, किती लांब, किती जाड, पोट कुठे फुगलंय. घरी येऊन वेढे कमी-जास्त करायचो. त्या मासळीत मला खाण्यापुरताही रस नव्हता. मला एकच बघायचं होतं, ट्राउट माझी माशी घेताना. दाजी वर्षाआड हिमाचलात जायचे. दर वेळी म्हणायचे, पुढल्या खेपेला तुला नेतो. दर वेळी ते एकटे गेले.

अशी वर्षं गेली. दर फाल्गुनात चार डझन माश्या डबीत कापसावर मांडून मी देत होतो. साहेबांची पत्रं येत, ती दाजी टेंभुर्णीला वाचून दाखवत, तीही निवडून. साहेब खूश आहेत, एवढं मला मिळायचं. पत्र माझ्या हातात कधी आलं नाही. मी मागितलंही नाही. जावयाकडे मागायचं नसतं, त्याला द्यायचं असतं.

भाचीचा साखरपुडा झाला तेव्हाची, हिवाळ्यातली गोष्ट, नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. पाहुणे बैठकीत जेवायला बसले होते. भिंतीवर नवी फ्रेम लावलेली मी बघितली. फोटोत म्हातारे साहेब गुडघाभर पाण्यात उभे, ओंजळीत हातभर ठिपक्यांचा मासा. मी ताट सोडून उठलो आणि जवळ गेलो. माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात माझी माशी होती. विटकरी अंग, खांद्यावरचा फुगवटा, सहा वेढे. मी मोजले. फोटो किती दिवसांपासून तिथे होता ते मला माहीत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी परत ताटावर येऊन बसलो तेवढ्यात नव्या व्याह्यांनी फोटोकडे बघून विचारलं की हे काय आहे. दाजींनी मग सगळी कथा सांगितली, नदीची, थंडीची, साहेबांची, आणि शेवटी की ही माशी आपल्या घरची, इथून जाते. व्याही म्हणाले, कमाल आहे, एवढं बारीक काम. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की हे पाव्हणे पण करतात का.

"मेव्हणा तार देतो," दाजी म्हणाले. "त्याचं मोटारीचं दुकान हाय ना, तिथं ढीग पडलेला असतो."

आक्का तेव्हा वरण वाढत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी ताटाकडे बघितलं. पंधरा वर्षं डोळे फोडून बांधलेल्या सात-आठशे माश्या, कालव्यावरच्या सगळ्या सकाळी, ग्लासातलं पाणी, आणि मी तार देतो. भंगारवाला देतो तशी. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण घर बहिणीचं, मांडव भाचीचा, समोर नवे सोयरे. मी भात कालवला आणि खाल्ला.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी साहेबांचं पत्र आलं. या वेळी दाजींनी ते माझ्या दुकानात येऊन सांगितलं. साहेबांचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली होती, पण हा एक मोसम ते करणार होते, शेवटचा. घराखाली एक खोल डोह होता, त्यात एक मोठा ट्राउट बसून असायचा, दोन वर्षं साहेब त्याच्या मागे होते. त्याच्यासाठी एक डझन माश्या हव्या होत्या. जड. नेहमीपेक्षा जड, थेट तळाला जाणाऱ्या. आणि दाजी स्वतः घेऊन जाणार होते.

मी बरं म्हणालो.

त्या दिवसांत दुकानात स्वस्तातले कूलर दुरुस्तीला यायला लागले होते. त्यांच्या मोटारीत कंपन्या सर्रास अ‍ॅल्युमिनियम भरत. वरून लेप तोच तांबूस. माझ्या फळीवर एका बाजूला तांब्याचं रीळ असायचं, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचं. मी कुठल्या रिळाला हात घालतोय हे मला पुरतं माहीत होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे मी दुसरंच सांगितलं.

मी काय ठरवलं होतं? एवढंच की या वेळी दाजींचं नाक कापलं जावं. साहेबांसमोर त्यांची माशी पाण्याच्या वरच्या अंगाने वाहत जावी, मासा तळाला बसून राहावा, आणि साहेबांनी त्यांना विचारावं की हे काय बांधून आणलंस. मग ते काय सांगणार होते, मेव्हण्याने तार दिली? सांगा म्हणावं. मला हसू येत होतं. साहेबांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

त्या बारा माश्या मी आयुष्यात बांधलेल्या सगळ्यात देखण्या माश्या होत्या. रागात माझा हात फार स्थिर चालतो. शेपटीचे तंतू एका मापाचे, वेढे एकाला एक लागून, वार्निशचा ठिपका मोहरीपेक्षा लहान. बारावी झाल्यावर सवयीने मी ग्लास भरला आणि एक सोडली. ती पाण्याच्या मध्यावर रेंगाळली, कडेला लागली, मग आळसावल्यासारखी खाली गेली. एरवी मी ती कचऱ्यात टाकली असती. मी ती पुसली आणि डबीत ठेवली.

दाजी डबी न्यायला आले तेव्हा जरा वेगळेच वागत होते. बसले. चहा मागवला तर माझ्यासाठीही सांगितला. इकडचं तिकडचं बोलले. मग उठता उठता म्हणाले,

"तुझा एखादा फोटू हाय का?"

"कायला?"

"असंच. दुकानात बसलेला असंल तर बरं."

मला वाटलं, आता तारवाल्याचा फोटो भिंतीवर लावून व्याह्यांना दाखवायचा असेल. मी न्हाई म्हणालो. फोटो होता, गल्ल्यात, मोटार भरतानाचा. दाजी डबी शर्टाच्या आतल्या खिशात घालून बस पकडायला गेले.

ते वीस-बावीस दिवसांनी परत आले. आल्या आल्या घरी न जाता दुकानात आले, बॅग घेऊनच. उन्हाने चेहरा रापलेला. डबी काउंटरवर ठेवली आणि स्टूल ओढून बसले. मी मोटारीच्या खाचेत पाचर ठोकत होतो, ठोकतच राहिलो. आतून मी भलताच खूश होतो. मला वाटलं, आता हे चिडतील, मला बोल लावतील, आणि मी म्हणेन की तार चांगलीच होती, बांधण्यात तुमचंच काही चुकलं असेल.

ते चिडले नाहीत. हळू आवाजात बोलत होते, ते मला जास्त अवघड गेलं. साखरपुड्याच्या दिवसापासून आक्का त्यांच्याशी धड बोलत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या आक्काने, जी चहासुद्धा घड्याळावर देत होती तिने, नवऱ्याला सांगितलं होतं की माझ्या भावाचं काम त्याच्या नावावर जाईस्तोवर मी तुमच्या ताटाला हात लावणार नाही. दाजी स्वतः वाढून घेत होते, महिनाभर.

"साहेबाला सांगितलं मी," दाजी म्हणाले. "गेल्याबराबर, पयल्याच दिशी. म्हनलो, आजपस्तोर तुम्हाला झूट बोलून राह्यलो व्हतो. ह्या माश्या मी बांधत न्हाई, माझा मेव्हणा बांधतो. पयल्यापासून त्योच बांधतो. फोटू मागितला व्हता तुला, त्याच्यासाठी."

माझा हातोडा थांबला.

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. साहेब रागावले नाहीत. उलट खूश झाले. डबी उघडून चष्मा लावून बारा माश्या एकेक करून बघितल्या, इतकं चांगलं काम आधी कधी आलं नव्हतं म्हणाले. मोटार भरणारा माणूस आहे हे ऐकून तर ते मोठ्याने हसले, म्हणाले, तरीच. माझं नाव दोनदा विचारून घेतलं. पुढल्या वर्षी त्याला घेऊनच ये, मी काठावर बसेन आणि तो फेकेल, असं म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी काठी टेकत डोहावर गेले.

तीन दिवस गेले ते. बर्फाच्या पाण्यात, गेलेल्या गुडघ्यांनी, दाजी कमरेला धरून उभे. मोठा मासा तळाला दिसत होता. माशी त्याच्या डोक्यावरून दोन-दोन हात वर वाहत जायची. साहेबांना वाटलं आपला हात गेला, आपल्यालाच फेकता येत नाही आता. ते दाजींना तसं म्हणालेसुद्धा. एक माशी दगडाला लागून तुटली. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब काठावर बसले आणि दुसरी माशी तळहातावर घेऊन नुसती बसून राहिले. मग खिशातला चाकू काढून तिच्या पोटावर हलकेच खरवडलं. आतून पांढरं निघालं.

"मी म्हनलो, साहब, फेक देता हूं," दाजी म्हणाले. "तर म्हनले, नहीं. वो आदमी ऐसा नहीं कर सकता. देखो, किसी में तो ताँबा होगा."

मी डबी उघडली. कापसावर अकरा माश्या होत्या. प्रत्येकीच्या पोटावर, एकाच जागी, चाकूने खरवडलेली बारीक जागा होती आणि तिथून पांढरा धातू दिसत होता. म्हाताऱ्याने अकराच्या अकरा तपासल्या होत्या, एकीत तरी तांबं निघेल म्हणून. थरथरत्या हातांनी, पण इतकं जपून की एकाही पिसाचा तंतू तुटला नव्हता.

पंधरा वर्षांत त्या माणसाकडे माझ्या नावाने एकच डबी गेली होती, ती ही.

"काहून झालं असं?" दाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी बघत होतो, हा माणूस जन्मभर मला खिजवत आला आणि आज पहिल्यांदा माझ्यासाठी साहेबासमोर स्वतः खोटा ठरून आला होता. मला त्याबद्दल त्यांचे उपकार वाटायला हवे होते. मला राग आला, पूर्वी कधी आला नव्हता एवढा. आधी का नाही केलंत हे? एक वर्ष आधी का नाही? पण हे विचारायचं तर कारण सांगावं लागणार होतं.

माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. एक तर मी मुद्दाम केलं, आणि ते मी आक्काच्या नवऱ्याला सांगितलं की आक्काला कळणार, जिने माझ्यासाठी महिनाभर घरात भांडण मांडलं तिला. नाहीतर दुसरं.

"कूलरची तार मिसळली असंल, दाजी," मी म्हणालो. "मला वळखू आली न्हाई."

उस्ताद असते तर त्यांनी माझ्या हातात झाडू दिला असता. दाजींनी मात्र मान हलवली. उलट माझी समजूत काढली, होतं असं, चष्मा लाव आता, वय झालं. चहा पिऊन ते टेंभुर्णीच्या बसला गेले.

नंतर मी तांब्याच्या बारा बांधल्या, जड, ग्लासात दगडासारख्या बुडणाऱ्या. डबी भरली, साहेबांचा पत्ताही आक्काकडून मागवला. मग लक्षात आलं की ही डबी गेली तर साहेबांना नक्की कळेल की या माणसाला फरक ओळखता येतो, म्हणजे त्या वेळीही येत होता. पाठवली नाही तर मी अडाणी ठरतो, पाठवली तर हरामखोर. मी पाठवली नाही. पुढच्या फाल्गुनाच्या आत साहेब गेल्याचं पत्र आलं.

दाजी अजून आहेत, ऐंशीच्या घरात. फ्रेम भिंतीवर आहे, आणि पाहुण्यांनी विचारलं तर आता ते सगळं खरं सांगतात, की माशी मेव्हण्याने बांधलेली आहे, फार हुशार कारागीर. मग आवाज उतरवून पुढचंही सांगतात, मला वाईट वाटू नये अशा बेताने, की शेवटी शेवटी बिचाऱ्याला तार ओळखू येत नव्हती. मी तिथेच बसलेलो असतो, आणि मान हलवतो.